ओळी शालनच्या होत्या

गिटार आमच्या घरात पहिल्यांदा आली तेव्हा ती पेंडीच्या पोत्यावर ठेवली गेली, कारण दुसरी कोरडी जागाच नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या, मागं चार म्हशींचा गोठा आणि वर शिडीनं चढायचा माळा. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळ-संध्याकाळ दोन म्हशी दूधकट्ट्यावर नेत. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि त्यानं तिथंच उभ्यानं फेसाळ दूध प्यायचं, ही आमच्या गावची रीत. घराला कायम शेणाचा, ओल्या वैरणीचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास असे. आवाजांना तर तोटाच नव्हता. समोरच्या तालमीत शड्डू घुमत, कोपऱ्यावर फुटबॉलच्या मॅचवरून भांडणं चालत आणि आत आई पाट्यावर खर्डा रगडत असे. या सगळ्यात ती लांबट काळी पेटी घेऊन मिलिंद दारात उभा राहिला. आईनं त्याला विचारलं, "ह्यात काय रं, बंदूक हाय काय?"

"गिटार हाय, काकू."

"वाजती का?"

"वाजवली तर वाजती की."

आई हसली. माझ्या मित्रांपैकी आईला पहिल्याच वाक्याला हसवणारा तो एकटाच.

आम्ही दोघं एका ऑर्केस्ट्रात होतो. गणपतीत, यात्रेत, लग्नात आमचे कार्यक्रम व्हायचे. दिवसा मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, मिलिंद सरकारी कचेरीत टंकलेखक होता. दोघांचीही पंचविशी नुकती उलटलेली. मी निवेदक होतो. निवेदकाचं काम लोकांना सोपं वाटतं. दोन गाण्यांच्या मध्ये गायक पाणी पितो, वादक तारा जुळवतात, कुणाची तरी वायर निघालेली असते, आणि ती दीड-दोन मिनिटं निवेदकानं पेलायची असतात. नुसतं "यानंतर सादर करत आहोत" म्हणून भागत नाही. चार ओळी म्हणाव्या लागतात, आणि त्या चार ओळींखाली एखादं वाद्य मंद वाजत ठेवावं लागतं. आमच्याकडं ते मिलिंदचं काम होतं.

त्याची गिटार हवाईयन. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं छेडायची आणि डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. त्यामुळं सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, सरपटत जातो. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मामाकडून तो शिकला होता. आमचे आप्पा मास्तर, ॲकॉर्डियन वाजवणारे, ऑर्केस्ट्राचे मालकही तेच, म्हणायचे, "ह्या मिल्याची गिटार रडत न्हाय लेको, आवंढा गिळती."

माझ्या ओळी मात्र आवंढा गिळण्याच्या लायकीच्या नव्हत्या. एकदा कार्यक्रमाला निघायच्या आधी मी माळ्यावर बसून कागद फाडत होतो. शालन शिडीवरून डोकं वर काढून बघत होती. शालन माझी धाकटी बहीण, चार वर्षांनी लहान. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आईची कंबर धरली आणि शालनचं कॉलेज सुटलं. तेव्हापासून भाकरी, गोठा आणि धुणं तिच्याकडं होतं. महिना उलटला की कॅलेंडरचं पान फाडून ती आपल्याकडं ठेवायची. पाठीमागं काहीतरी लिहिते एवढं आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी तिनं तसलंच एक पान माझ्यापुढं सरकवलं.

"दादा, हे बघ चालतंय का. न्हाय चाललं तर चुलीत घाल."

त्यावर दोन ओळी होत्या:

बोट उचललं तारेवरून, तरी सूर जात नाही;
माणूस उठून गेला तरी जागा गार होत नाही.

त्या संध्याकाळी आमच्याच पेठेत मंडपात मी ह्या ओळी म्हटल्या. खाली मिलिंदची गिटार होती. शेवटच्या शब्दावर त्यानं कांडी खालून वर नेली आणि मध्येच कुठंतरी धरून ठेवली. माणसं गप्प झाली. कोल्हापुरात ऑर्केस्ट्राला आलेली माणसं गप्प होणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकरालाच कळेल. मग टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "पावणं, तुमच्या ओळी काळजात गेल्या बघा." मी मान लववली. कुणाचं नाव घेतलं नाही. निवेदकानं ओळ कुणाची ते सांगायचं नसतं, अशी स्वतःची समजूत घातली. ती मला लगेच पटली.

तिथून पुढं तीनेक वर्षं शालन लिहीत गेली आणि मी म्हणत गेलो. पेठेतला कार्यक्रम असला की ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसायची. बाहेरगावचा असला की मी परत आल्यावर विचारायची, "म्हटलंस? काय वाजवलं त्यानं?" मला वाटायचं, तिला गिटारची आवड आहे.

रविवारी दुपारी तालीम आमच्या माळ्यावर व्हायची. शालनची पानं तिथंच सगळ्यांसमोर पडलेली असत. खाली आईचा रस्सा शिजत असायचा. त्याचा वास वर आला की मास्तरांचा ताल चुकायचा. जेवायला सगळे एका पंगतीत बसत, पण चहाचं निराळं होतं. मिलिंद बौद्ध. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईनं त्याच्यासाठी कानाचा टवका उडालेला एक कप वेगळा खिडकीत ठेवला होता. मिलिंद त्याच कपातून चहा प्यायचा, विसळून पुन्हा तिथंच ठेवायचा आणि "चहा झकास झालाय काकू" म्हणायचा. मी त्याच्या घरी त्याच्या आईच्या हातचं कैकदा जेवून आलो होतो आणि आमच्या घरी कधी सांगितलं नव्हतं. एका रविवारी शालननं सगळ्यांदेखत तो खिडकीतला कप घेतला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि उभ्यानं पिऊन टाकला. आई तिच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तो कप बाकीच्या कपांत जाऊन बसला होता. मला त्या वेळी बहिणीचा अभिमान वाटला. आणखी काही दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. अभिमान वाटला की माणूस पुढं बघत नाही, असं आता वाटतं.

मग इचलकरंजीचा कार्यक्रम ठरला. यंत्रमागवाल्यांच्या एका मंडळाचा. चार दिवस आधी मिलिंद छापखान्यात आला, मला बाहेर टपरीवर नेलं आणि दोन चहा सांगितले. तो नेहमी चेष्टेत बोलणारा माणूस. त्या दिवशी कान लाल झाले होते.

"बाळू, तुझे उपकार हायत माझ्यावर."

"कसले रं?"

"कसले म्हंजे? तीन वर्षं झाली. दुसरा भाऊ असता तर तंगडी मोडली असती माझी. तू तिचं मला आणून देतोस, समद्या गावासमोर माईकवर वाचून दाखवतोस. मी वाजवून उत्तर देतो, तेबी तू तिला जाऊन सांगतोस."

मी कप खाली ठेवला. मला काय कळलं आणि कसं कळलं ते नीट सांगता येणार नाही. तीन वर्षांतल्या सगळ्या ओळी एकदम डोळ्यांपुढून गेल्या. त्या कधीच माझ्या कार्यक्रमासाठी नव्हत्या. ती पत्रं होती. मी पोस्टमन होतो आणि टाळ्या माझ्या समजून घेत होतो. मास्तरांना, तबलजीला, सगळ्यांना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे, असं सगळे समजत होते.

मिलिंद बोलतच होता. "मागच्या रविवारी तू वैरण आणाय गेलतास, तवा विचारलं तिला सरळ. म्हणाली, तोंडानं न्हाय सांगणार, लिहून देते. इचलकरंजीला तू वाचशील तेच तिचं उत्तर. व्हय म्हणाली तर सोमवारी आई-वडलांना घेऊन तुमच्या दारात येतो, आबांसमोर बसतो. मग काय व्हायचं ते होऊ दे. न्हाय म्हणाली तर पुन्हा तुमच्या गल्लीत पाय ठेवणार न्हाय. तिला कधी विचारणारबी न्हाय, का म्हणून. शब्द हाय माझा."

"बरं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

कार्यक्रमाच्या दुपारी शालननं पान दिलं. चार घड्या केलेलं. नेहमी ती पान द्यायची आणि कामाला जायची; त्या दिवशी दारापर्यंत आली. "नीट वाच हं दादा. घाई करू नकोस." टेम्पोत वाद्यांच्या मध्ये बसून मी ते उघडलं. ओळी अशा होत्या, आणि त्या आज पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेला पडत आहेत:

कडी काढून ठेवली आहे, दार नुसतं लोटलंय,
तुझ्या तारेवरचं पाणी माझ्या डोळ्यांत दाटलंय.
किती दिवस दुरून वाजशील गर्दीच्या त्या पलीकडून?
ये, समोर बस आता. ऐकेन मी जवळून.

इचलकरंजी येईपर्यंत मी ते पान सात-आठ वेळा वाचलं असेल. आबांचा चेहरा समोर आला. तालमीतली पोरं, भाऊबंद, दूधकट्ट्यावरची माणसं आठवली. कोण काय म्हणेल, आबांची मान कशी खाली जाईल, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. मी माईकवर माणुसकीच्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि बौद्ध मुलगा घरचा जावई व्हायची वेळ आली तेव्हा भाऊबंदांची आठवण काढत बसलो. त्याची लाज मला आहे. पण त्याच्याशेजारी आणखी एक गोष्ट होती आणि ती मी तीस वर्षं कुणाला सांगितली नाही. शालन त्याच्या घरी गेली की ओळी त्याच्या घरी जाणार होत्या. मग मी दोन गाण्यांच्या मध्ये काय म्हणणार होतो? दोन्ही कारणं खरी. कुठलं मोठं होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

टेम्पोतच, पानाच्या कोपऱ्यावर, मी चार ओळी लिहिल्या. माझ्या स्वतःच्या. निरोपाच्या.

मैदानाच्या तिन्ही बाजूंना मागांच्या शेड होत्या. दिवसपाळी सुटून माणसं अंगावरचा कापूस झटकत येऊन बसत होती, आणि एका शेडमधला खडखडाट मात्र चालूच होता. तिसऱ्या गाण्यानंतर मी माईकपाशी गेलो. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, मोठ्या भावाला विचारून घ्यावं तशी. त्यानं वाजवायला सुरुवात केली. मी खिशातून पान काढलं. तिचंच पान, तिचंच अक्षर वरती, म्हणजे त्याला लांबून ओळखू यावं. आणि खालच्या कोपऱ्यातलं वाचलं.

तो थांबला नाही, हे मला सांगायचं आहे. ओळी संपल्यावर त्यानं नेहमीसारखी कांडी खालून वर नेली. या वेळी मध्ये धरून ठेवली नाही. सावकाश, पार शेवटापर्यंत नेली, जिथं तार संपते आणि नुसतं लाकूड उरतं तिथंपर्यंत. मागच्या बाजूनं कुणीतरी "वा!" म्हणालं. मग पुढची बारा गाणी तो वाजवत राहिला. एक सूर चुकला नाही. कार्यक्रम संपल्यावर पेटी उचलून माझ्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला वाचताना लई जड गेलं असंल. बघितलं मी," आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. मास्तर हाका मारत राहिले.

सोमवारी शालननं पुढची खोली दोनदा सारवली. पोहे भिजवले, खोबरं किसून ठेवलं, मोरपंखी साडी नेसली. आई म्हणाली, "कोण येणार हाय गं?" ती म्हणाली, "येतील कोणतरी." मी छापखान्यात गेलो नव्हतो, गोठ्यात उगाच शेण ओढत बसलो होतो. दारावर सावली पडली की ती उठायची. एकदा पेपरवाला, एकदा शेजारची काकू. आबांची म्हशी न्यायची वेळ झाली तेव्हा तिनं साडी बदलली आणि भिजवलेले पोहे तिखटमीठ लावून आम्हाला दिले. मला ताट देताना हळूच विचारलं, "वाचलंस ना, दादा?"

"वाचलं."

"काय वाजवलं त्यानं?"

"काही नाही," मी म्हणालो. "लगेच पुढचं गाणं धरलं."

ते दुसरं खोटं. पहिलं मी भीतीनं आणि लोभानं केलं असेल. हे कशानं केलं, देव जाणे. पोहे मी सगळे खाल्ले.

तिनं नंतर काही विचारलं नाही. मिलिंदनं बदली मागून घेतली, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. शालन पुढच्या वर्षी निपाणीला दिली. तंबाखूच्या वखारीत मुनीम असलेला तिचा नवरा भला माणूस होता. तिला दोन मुलगे झाले, ती कानडी बोलायला शिकली, आणि लग्नानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. तिची जुनी पानं माळ्यावरच राहिली होती. मी ती जमवून छापखान्यातच एक लहानसं पुस्तक केलं. वर माझं नाव घातलं, आतल्या पानावर "शालनला" असं लिहिलं. पुस्तकाचं कौतुक झालं. एक प्रत तिला दिली. तिनं ती पदराला पुसली, कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, "जेवून जा."

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती तेव्हा मिरजेत एका लग्नात मिलिंद भेटला. केस पिकलेले, बरोबर बायको आणि शाळेतली मुलगी. मिठी मारायला पसरावेत तसे हात पसरून तो लांबूनच माझ्याकडं आला. मंडपाच्या मागं आम्ही खुर्च्या ओढून बसलो. तो आता लहान मुलांना गिटार शिकवत होता. माझं पुस्तक त्याच्याकडं होतं. मी पार आखडून गेलो, पण तो म्हणाला, "तिच्या सासरी बोभाटा नको म्हणून तू आपलं नाव घातलंस, व्हय ना? मी बायकोला म्हटलं, ह्याला म्हणायचं भाऊ."

मी खुर्ची जरा मागं सरकवली.

"त्या शेवटच्या चार तेवढ्या घातल्या न्हाईस. बरं केलंस." त्यानं पायाशी उडून आलेली पत्रावळ बाजूला सारली. "त्या तिच्यासारख्या नव्हत्या रं. वजन न्हाय, काय न्हाय. मला तवाच वाटलेलं, रडत लिहिल्या असतील. रडताना कुणाला नीट लिहिता येतंय?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. त्याची मुलगी धावत आली, त्याचा हात ओढायला लागली, आणि मी हुकलेली संधी तिच्या माथी मारून सुटका करून घेतली. अडीच वर्षांपूर्वी तो गेला. मला ते चार दिवसांनी कळलं. पाचव्या दिवशी मी निपाणीला गेलो.

शालन ओसरीवर चटणीसाठी लसूण सोलत बसली होती. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. टेम्पो, पानाचा कोपरा, कांडी शेवटापर्यंत नेली ते, मिरजेचा मांडव. ती ऐकत होती आणि लसूण सोलत होती. माझं संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"त्याला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"न्हाय. राहिलं."

"राहिलं," ती म्हणाली. तिनं आणखी एक गड्डा फोडला. शेवटी म्हणाली, "म्हणून दाखव."

"काय?"

"तू वाचलेल्या चार ओळी. मीच लिहिल्या म्हणून तीस वर्षं तो घेऊन बसला त्या. मला ऐकू तर देत."

मी म्हणून दाखवल्या. साठी उलटलेला माणूस, शाळेत उभं केल्यासारखा. तिनं सुरी परातीत ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. ती ओरडेल, मारेल, घराबाहेर काढेल, असं मला वाटलं, आणि तिनं तसं करावं असंही वाटत होतं.

"आई गं," ती म्हणाली. "किती वाईट हायत रे, दादा." तिला हसू आलं. खरोखरचं हसू, खांदे हलवणारं, आणि ते हसू हसता हसताच बदललं, तिनं पदर तोंडाला लावला. मी उठायला लागलो तर तिनं हातानंच "बस" म्हणून खुणावलं. "असलं मी लिहीन, असं वाटलंच कसं त्याला?"

"रडत लिहिलं असंल म्हणाला."

"मी रडत न्हवतं लिहिलं," शालन म्हणाली. "भाकऱ्या थापताना लिहिलं. एका झटक्यात. एक अक्षर खोडलं न्हाय."

त्या दिवशी तिनं मला जेवून जा म्हटलं नाही. निघताना दारापर्यंतही आली नाही. मी पायरी उतरल्यावर आतून तिचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. "हे समदं लिहून काढ. माझं माझ्या नावानं घाल. आणि तुझ्या त्या चार ओळी घालू नकोस त्यात. लोकांना वाटंल, माझ्याच हायत."

त्या मी घातलेल्या नाहीत.